शाळा वाढवावयाच्या, पण कोणासाठीं?

प्रवेशाचे दिवस आले कीं आमच्या वसईकडील मिशन शाळांच्या फाटकापाशीं एक दृश्य नेमानें दिसतें. आईबाप सकाळपासून रांग लावून उभे असतात. कोणाच्या हातांत जन्माचा दाखला, कोणाच्या हातांत धर्मगुरूंची चिठ्ठी, तर कोणाच्या हातांत कांहींच नाहीं, केवळ एक झोपाळलेलें मूल. दुपारपर्यंत जागा भरतात आणि उरलेली मंडळी खालीं मान घालून स्टेशनच्या दिशेनें चालूं लागतात. ज्यांस प्रवेश मिळाला ते देवाचे आभार मानतात. ज्यांस मिळाला नाहीं ते काय म्हणतात हें आम्हां शिक्षकांच्या कानीं येत नाहीं, परंतु त्यांच्या पाठमोऱ्या चालण्यावरून तें कळतें.

ह्या प्रसंगाविषयीं आमच्या मंडळींत दोन मतें ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, शाळा आमच्या वाडवडिलांनीं जमिनी देऊन व घाम गाळून उभ्या केल्या. आधीं आमचीं मुलें सामावूं द्या, मग इतरांचा विचार करूं. दुसरें मत त्याहून सोपें : मागणी आहे ना? मग आणखी एक मजला चढवा, प्रत्येक इयत्तेस आणखी एक तुकडी जोडा, म्हणजे झालें. पहिल्या मतांत ममत्व आहे, दुसऱ्यांत उत्साह आहे. परंतु नुसत्या ममत्वानें किंवा नुसत्या उत्साहानें योजना होत नाहीं. शाळा वाढवावयास हव्या ह्याविषयीं माझ्या मनांत यत्किंचितहि शंका नाहीं. प्रश्न आहे तो कोठें, कोणासाठीं, कोणाच्या हातून आणि कोणत्या क्रमानें हा. ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें न देतां बांधलेली शाळा म्हणजे आधीं कळस मग पाया.

प्रथम लोकवस्तीचा विचार करूं. २००१ सालच्या शिरगणतींत विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई ह्या चार नगरांची लोकसंख्या एकत्र मांडली तरी ती पांच लाखांच्या आंत होती. २००९ सालीं हीं चार नगरें व आसपासचीं कांहीं गांवें मिळून महानगरपालिका झाली आणि २०११ सालच्या शिरगणतींत तिची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. हद्द वाढल्यामुळें आंकडा कांहींसा फुगला हें खरें; परंतु लोहमार्गाच्या पूर्वेस चाळी आणि इमारती ज्या वेगानें उठल्या, तो वेग ज्यानें डोळ्यांनीं पाहिला आहे त्यास आंकड्यांची साक्ष नको. पुढें २०२१ ची शिरगणति महामारीमुळें वेळेवर झाली नाहीं. तेव्हां आज जो कोणी ह्या भागांत शाळेची योजना करूं पाहील, त्यास दहा-पंधरा वर्षांपूर्वींच्या आंकड्यांवर विसंबून राहतां येणार नाहीं. त्यानें स्वतःच मोजणीस निघालें पाहिजे.

आणि मोजण्याचें साधन आमच्या हातीं नाहीं असें नाहीं. प्रत्येक धर्मग्रामांत स्नानसंस्काराची वही असते. ह्या वर्षीं जें बालक त्या वहींत नोंदलें गेलें, तें सहा वर्षांनीं पहिल्या इयत्तेच्या दारांत उभें राहणार, हें सांगावयास ज्योतिषी नको. समजा, एखाद्या धर्मग्रामांत दहा वर्षांपूर्वीं वर्षास ९० बालकांची नोंद होत होती आणि आतां ४५ ची होते, तर तेथील शाळेवर नवा मजला चढविण्यापूर्वीं विश्वस्तांनीं ती वही उघडून पहावी. उलट शेजारच्या धर्मग्रामांत नोंद दुप्पट झाली असेल, तर तेथें जागा शोधण्यास आजच आरंभ केला पाहिजे. अर्थात् ही वही आमच्याच घरांपुरती बोलते. इतरांसाठीं दुसरी वही हवी, आणि तीहि शाळेच्या कचेरींत तयार असूं शकते : ज्यांस प्रवेश नाकारावा लागला त्यांचे अर्ज. हे अर्ज रद्दींत जाऊं न देतां मूल कोणत्या वस्तींतून आलें होतें एवढेंच जरी पांच वर्षें लिहून ठेविलें, तरी नवी शाळा कोठें हवी ह्याचा नकाशा आपोआप तयार होईल. आमच्या शाळा परीक्षेचे निकाल मोठ्या अक्षरांत छापतात. दारावरून परत पाठविलेल्या मुलांची संख्या मात्र कोठेंच छापली जात नाहीं. वास्तविक तोहि शाळेचा एक निकालच होय.

आतां ‘कोठें’ ह्या प्रश्नाकडे वळूं. आमच्या जुन्या शाळा बहुतांशीं लोहमार्गाच्या पश्चिमेस, बागायती गांवांत, देवळाच्या सावलींत वसल्या आहेत. त्या काळीं तेंच योग्य होतें. केळीच्या व पानवेलीच्या वाड्यांमधून मुलें अनवाणी चालत शाळेस येत. देऊळ, शाळा, विहीर आणि घर हीं हांकेच्या अंतरावर असत. आज त्या गांवांतील घरांत मुलांची संख्या कमी होत चालली आहे, आणि ज्यांच्या घरांत मुलें पुष्कळ तीं कुटुंबें पूर्वेस, नालासोपारा आणि विरारच्या दाट वस्तींत राहतात. कोंकणांतून, घाटावरून, उत्तर प्रदेशांतून आणि बिहारांतून पोटासाठीं आलेले हे लोक. पहांटेची गाडी पकडून बाप मुंबईस जातो. आई चार घरचीं कामें करते किंवा एखाद्या कारखान्यांत राबते. त्यांच्या मुलांसाठीं गल्लींतल्या दोन खोल्यांत भरणाऱ्या, परवानगी नसलेल्या शाळाहि निघतात, आणि शिक्षण खात्यास त्यांच्या याद्या प्रसिद्ध कराव्या लागतात. जेथें तहान अधिक तेथें पाणी नाहीं, आणि जेथें विहीर आहे तेथील घागरी कमी होत चालल्या, अशी ही स्थिति आहे.

येथें आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. २२ मे १९९८ रोजीं मुंबईच्या महाधर्मप्रांतांतून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत केवळ वसई तालुक्याचा नाहीं. पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हे तालुकेहि त्यांत येतात. तेथें लोकवस्ती दाट नसून विखुरलेली आहे. तेथील वारली आणि कातकरी मुलास शाळा मिळत नाहीं ती रांग लांब असते म्हणून नव्हे, तर वाट लांब असते म्हणून. तेथें तीन मजल्यांची इमारत काय कामाची? तेथें हवें तें लहान वसतिगृह, दोन वेळचें अन्न आणि पाड्यावर जाऊन मुलास हात धरून आणणारा शिक्षक. दक्षिणेस गर्दीची गरज व उत्तरेस अंतराची गरज, ह्या दोन्ही एकाच आराखड्यांत बसविल्याविना त्यास धर्मप्रांताची योजना म्हणतां येणार नाहीं.

‘कोणासाठीं’ हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. म्हणून त्याचें उत्तर मी आडपडदा न ठेवतां देतों. कॅथॉलिक शाळा कॅथॉलिक मुलांसाठीं आहेच, परंतु केवळ त्यांच्यासाठीं नाहीं. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं ख्रिस्ती शिक्षणाविषयींची जी घोषणा प्रसिद्ध केली, तींत गरीब, कुटुंबाच्या मायेस पारखीं झालेलीं आणि ख्रिस्ती श्रद्धेबाहेरचीं अशीं जीं मुलें त्यांची विशेष काळजी वहावी असा स्पष्ट आदेश आहे. म्हणजे ज्या मुलास आम्ही ‘परकें’ म्हणून रांगेंत मागें लोटतों, त्यास ख्रिस्तसभेनें नांव घेऊन पुढें बोलाविलें आहे. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमानें अल्पसंख्याकांस आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांस देण्याची २००९ च्या कायद्यांतील अट अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला, व त्या निर्णयाविषयीं पुढें २०२५ सालीं न्यायालयांतच पुनश्च प्रश्न उपस्थित झाला. कायद्याचा तो वाद न्यायाधीश सोडवितील. परंतु मी विचारतों, कायद्यानें सक्ति केली नाहीं म्हणून आमचें कर्तव्य कमी होतें काय? अधिकार हें कुंपण आहे. शेत राखण्यासाठीं तें हवेंच. पण कुंपणालाच कोणी पीक म्हणत नाहीं.

आमच्या शाळा सर्व समाजाचा केवढा भार उचलतात, हें कधीं कधीं आमच्याहि ध्यानांत नसतें. ऑस्ट्रेलियांतील गूलबर्न नांवाच्या गांवीं १९६२ सालीं एक मासलेवाईक प्रसंग घडला. तेथील एका कॅथॉलिक शाळेनें आणखी शौचकूप बांधावे असा सरकारी आरोग्यखात्याचा हुकूम आला. शाळेपाशीं पैसा नव्हता, आणि सरकार कॅथॉलिक शाळांस मदत करीत नव्हतें. तेव्हां गांवच्या कॅथॉलिक पालकांनीं भांडण न करतां एक युक्ति योजिली : जुलै महिन्यांत आपल्या सर्व शाळा बंद ठेवून सुमारे दोन हजार मुलें त्यांनीं सरकारी शाळांच्या दारांत नेऊन उभीं केलीं. सरकारी शाळांत जागा होती ती सहाशें-साडेसहाशें मुलांपुरती! आठवड्याभरांत मुलें आपापल्या शाळांत परतलीं; परंतु ह्या शाळा देशाचें काम करतात ही गोष्ट सर्वांस पटली, आणि पुढें लवकरच अशा शाळांस सरकारी मदतीचा मार्ग खुला झाला. ह्या प्रसंगांतून मी एवढाच बोध घेतों : जी शाळा सर्वांचें काम करते तिच्या अडचणीच्या वेळीं सर्वांस आपल्यापुढें प्रश्न उभा राहिला असें वाटतें, जी केवळ आपल्यांपुरतें पाहते तिची अडचण तिच्या एकटीचीच राहते.

आतां पैशाचा विचार. येथें मात्र गोड बोलून भागणार नाहीं. आमच्या जुन्या शाळांपैकीं पुष्कळ अनुदानित आहेत; तेथील शिक्षकांचें वेतन सरकार देतें, म्हणून गरिबाच्या मुलासहि ती शाळा परवडली. २०१२ सालीं स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला; त्याअन्वयें जी नवी शाळा निघते तिनें सरकारी अनुदानाची आशा धरूं नये. म्हणजे इमारत, वेतन, वीज, प्रयोगशाळा सारें फीमधून. फी वाढली कीं नालासोपाऱ्याच्या चाळींतलें मूल आपोआप गळालें. ज्याच्यासाठीं शाळा काढावयाची त्यालाच ती परवडूं नये, हा ह्या सर्व प्रश्नांतील खरा पेंच आहे; आणि जो आराखडा हा पेंच सोडवीत नाहीं तो कितीहि सुंदर चित्रांनीं सजविलेला असला तरी माझ्या मतें फोल आहे.

तो कसा सोडवावा? आमच्याच घरचा एक धडा आठवा. १९१८ सालीं मोन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांनीं वसईकरांची सहकारी पेढी उभारली. लहान लहान ठेवी एकत्र आल्या आणि तीच आज बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून सर्वांस परिचित आहे. थेंबें थेंबें तळें कसें साचतें हें आम्हांस परक्यानें शिकविण्याची गरज नाहीं. आतां थोडा हिशेब करूं. एखाद्या जुन्या, स्थिरावलेल्या शाळेंत १,५०० मुलें आहेत असें धरा. प्रत्येक मुलामागें महिन्यास २० रुपये त्याच्या पालकांनीं शिक्षणनिधीस दिले, तर महिन्यास ३०,००० रुपये जमतात. त्यांत एका प्राथमिक शिक्षकाच्या वेतनाचा भार उचलतां येईल. अशा दहा शाळा एकत्र आल्या तर दहा शिक्षक झाले. पहिलीपासून पांचवीपर्यंत दोन-दोन तुकड्या, तुकडींत तीस मुलें, म्हणजे कायद्यास अभिप्रेत असलेलें प्रमाण राखून तीनशें मुलांची शाळा उभी राहिली. वीस रुपयांत आज एक वडापावहि धड येत नाहीं. आणि हा हिशेब करतांना मी एकाहि धनिकापुढें हात पसरलेला नाहीं, कीं परदेशच्या मदतीची वाट पाहिलेली नाहीं.

परंतु पैशाहूनहि दुर्मीळ वस्तु म्हणजे शिक्षक. ह्या बाबतींत अमेरिकेचा अनुभव आम्हीं डोळसपणें वाचावा. १८८४ सालीं बाल्टिमोरच्या तिसऱ्या परिषदेनें तेथील धर्मगुरूंस आज्ञा केली कीं, जेथें शाळा नसेल तेथें दोन वर्षांच्या आंत देवळाजवळ शाळा उभी करावी. देशांत नवीं कुटुंबें येत होतीं, मुलें वाढत होतीं, आणि शाळाहि वाढत गेल्या. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्या देशांतील कॅथॉलिक शाळांत बावन्न लाखांच्या आसपास मुलें शिकत होतीं. पुढें काय झालें? कुटुंबें शहर सोडून उपनगरांत गेलीं. शाळा मात्र जुन्याच जागीं राहिल्या. अल्प मोबदल्यांत आयुष्य वेंचणाऱ्या धर्मभगिनींची संख्या झपाट्यानें घटली. त्यांच्या जागीं पगारी शिक्षक आले, खर्च वाढला, फी वाढली, गरीब गळाले आणि एकामागून एक शाळा बंद पडल्या. आज तेथील मुलांची संख्या सतरा लाखांच्या आसपास आहे. त्या लोकांस विटांची वाण नव्हती, भक्तीचीहि नव्हती. वस्ती कोठें सरकते आहे आणि उद्यां शिकविणार कोण, हे दोन प्रश्न त्यांनीं वेळेवर विचारले नाहींत. आमच्याकडेहि धर्मगुरु व धर्मभगिनी ह्यांवर सर्व भार टाकून मोकळें होण्याची संवय आहे. ती आतां सोडली पाहिजे, कारण पुढची शाळा चालवावयाची ती मुख्यतः आम्हां प्रापंचिक स्त्रीपुरुषांस.

ह्याच्या उलट दुसरें उदाहरण पहा. १८६६ सालीं ऑस्ट्रेलियांतील पेनोला नांवाच्या खेड्यांत मेरी मॅकिलप ह्या तरुण शिक्षिकेनें गरीब मुलांसाठीं शाळा आरंभिली ती एका जुन्या तबेल्यांत. फी देण्याची ऐपत नाहीं म्हणून मूल परत जाऊं नये असा तिचा दंडक होता. शिक्षिका आधीं होती, इमारत मागाहून आली. २०१० सालीं तिला संतपद प्राप्त झालें. पण तबेला कितीसा मोठा होता हें आज कोण विचारतो?

इमारतींचें भवितव्य काय असतें हें वसईकरांस तरी सांगावयास नको. सहलीच्या निमित्तानें तुम्हीं सर्वांनीं आपला किल्ला पाहिला आहे. त्या तटाच्या आंत येशूसंघीयांचें महाविद्यालय होतें. त्याच्या भिंती अद्याप उभ्या आहेत, छप्पर गेलें आहे, कमानींतून वड-पिंपळाचीं मुळें उतरलीं आहेत. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं किल्ला जिंकला आणि दोनशें वर्षांची पोर्तुगीज सत्ता तेथून उठली. दगडी विद्यालय ओस पडलें. परंतु किल्ल्याबाहेरच्या गांवांतून घरोघरीं आईनें मुलास शिकविलेली प्रार्थना ओस पडली नाहीं. ह्याच वसईंत जन्मलेला व लहानपणीं येशूसंघीयांपाशीं शिकलेला गोन्सालो गार्सिया जपानला गेला. त्या संघांत कायमचा प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा कांहीं पुरी झाली नाहीं. तरी तो खचला नाहीं. पुढें फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून दाखल झाला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर त्यानें प्राण दिले, आणि १८६२ सालीं तो संत झाला. ज्यास एके ठिकाणीं प्रवेश मिळाला नाहीं, त्याचेंच नांव आज आमचीं देवळें आणि विद्यालयें अभिमानानें मिरवितात! फाटकावरून मूल परत पाठवितांना ही गोष्ट आम्हीं थोडी आठवावी.

आतां भाषेविषयीं दोन शब्द. नव्या शाळेचा विषय निघाला कीं इंग्रजी माध्यम हें जणूं ठरलेलेंच असतें. पालकांची हौस मी समजूं शकतों. नोकरीच्या बाजारांत इंग्रजीस मोल आहे, आणि गरिबाच्या मुलास तें मोल नाकारण्याचा अधिकार कोणासच नाहीं. परंतु ज्या घरांत कादोडी, वाडवळी, वारली किंवा भोजपुरी बोलतात, त्या घरांतील पांच वर्षांच्या मुलास एकाएकीं इंग्रजीच्या डोहांत ढकललें म्हणजे तें पोहावयास शिकतें असें नाहीं. पुष्कळ वेळां तें गप्प बसावयास शिकतें. पाठ केलेलें उत्तर तें घडाघडा म्हणतें, आणि ‘कां?’ असें विचारलें कीं खालीं पाहतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंहि शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिकवावें असें सांगितलें आहे. इंग्लंडांत जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनीं मराठी आत्मसात् करून रचिलेलें क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. परदेशच्या पाद्र्यानें जी भाषा शिरोधार्य मानली, ती त्याच्या मागून चारशें वर्षांनीं आम्हींच शाळेच्या दाराबाहेर ठेवावी हें शोभत नाहीं. माझी सूचना अशी कीं, जेथें जुन्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडूं लागले आहेत, तेथें ते बंद न करतां पहिल्यापासून उत्तम इंग्रजी भाषा शिकविणारी मराठी शाळा म्हणून त्यांस नवें रूप द्यावें. इंग्रजी भाषा शिकणें निराळें, आणि सर्व कांहीं इंग्रजींतूनच शिकणें निराळें.

ह्या सर्व विवेचनाचा मथितार्थ म्हणून मी पुढील क्रम सुचवितों. पहिल्या वर्षीं केवळ मोजणी व्हावी : स्नानसंस्काराच्या वह्या, नाकारलेले अर्ज, ओस पडलेले वर्ग आणि निवृत्तीस आलेले शिक्षक ह्यांची. दुसऱ्या वर्षीं असलेल्या इमारतींचा पुरता उपयोग व्हावा; जी वास्तु दुपारनंतर रिकामी राहते तींत दुपारची पाळी किंवा अभ्यासवर्ग भरावेत, आणि पूर्वेकडील मुलांस तेथें येण्यासाठीं बसची सोय व्हावी. त्याच वेळीं नगररचनेच्या आराखड्यांत जीं जागा शाळेसाठीं राखून ठेविलेली असेल तिच्यासाठीं रीतसर खटपट सुरू व्हावी, कारण वसईंत आज मोकळी आहे ती जमीन उद्यां मोकळी असेलच असें नाहीं, आणि मैदानावांचून शाळा म्हणजे अंगणावांचून घर. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षीं कांहीं होतकरू तरुणतरुणींस शिक्षणशास्त्राच्या पदविकेसाठीं शिष्यवृत्त्या मिळाव्यात, ह्या अटीवर कीं, त्यांनीं पांच वर्षें नव्या शाळेंत किंवा उत्तरेकडील पाड्यांवर शिकवावें. आणि शिक्षक हातीं आल्यावर मग, केवळ मग, कोनशिला बसवावी.

ह्यावर एक आक्षेप येईल, व तो प्रामाणिक आहे. पालक म्हणतील, ‘गुरुजी, तुम्ही क्रम सांगतां तें ठीक, पण माझें मूल यंदा सहा वर्षांचें झालें. तुमची योजना पूर्ण होईतों तें दहावी होईल.’ ह्या बोलण्यास माझ्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, ज्यांनीं आमच्या शाळा बांधल्या त्यांपैकीं अनेकांचीं मुलें त्यांत शिकलीं नाहींत. त्यांनीं जमिनी दिल्या, बैलगाडींतून वाळू आणली, आणि शाळेचा लाभ झाला तो नातवंडांस. दुसऱ्याच्या नातवंडासाठीं झाड लावणें ही आमच्या बागायतदारांची जुनी रीत आहे. आंब्याची कोय पुरणारा म्हातारा फळाचा हिशेब करीत बसत नाहीं. शिवाय दुसऱ्या वर्षाची जी सूचना मीं केली आहे, असलेल्या वास्तूंचा पुरता उपयोग करण्याची, ती मनांत आणल्यास पुढच्या जूनपासूनहि अंमलांत येऊं शकेल. तिला कोनशिला लागत नाहीं, इच्छा लागते.

शेवटीं विद्यार्थीमित्रहो, तुमच्याशीं. ज्या बाकावर बसून तुम्ही हा अंक वाचीत आहां, तो बाक कोणाच्या तरी त्यागानें तेथें आला आहे, आणि कोणाला तरी नाकारून तो तुम्हांस मिळाला आहे. ह्या दोन्ही गोष्टी सत्य आहेत. पहिलीबद्दल कृतज्ञ रहा. दुसरीबद्दल अस्वस्थ रहा. मोठेपणीं तुमच्यांतील कोणी डॉक्टर होईल, कोणी इंजिनियर होऊन परदेशीं जाईल. त्यांचें मला कौतुकच वाटेल. परंतु ह्या वर्गांतून निदान दोघें-तिघें तरी खडू हातीं घेऊन परत येथें येतील काय, किंवा लोहमार्ग ओलांडून पलीकडे जातील काय, हा प्रश्न मी दर वर्षीं दहावीच्या निरोपसमारंभांत मनांतल्या मनांत विचारतों. पालकांसहि माझें एक मागणें आहे : मुलानें ‘मला शिक्षक व्हावयाचें आहे’ असें म्हटल्यास कपाळास आंठी घालूं नका. शाळांची वाढ जमिनीवर होण्याआधीं ती घरांतल्या ह्या एका वाक्यांत होत असते. तें वाक्य जर घरोघर दाबलें गेलें, तर कितीहि मजले चढविले तरी त्यांत शिकविणारा कोणी असणार नाहीं.